आधी करून बघा, मग लिहा: मुक्त सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनला वर्गाची मदत

प्रश्न असा आला आहे: "मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांना टेक्निकल रायटिंग शिकवते. यंदा प्रोजेक्ट म्हणून एखाद्या मुक्त (कुणीही वापरावं, सुधारावं अशा) सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं याची लिखित माहिती, सुधारायला द्यावं असं मनात आहे. बरीच मुलं खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजी बेताचं, कोडिंग कच्चं. यांच्या हातून खरोखर उपयोगी काम होईल, की प्रकल्प चालवणाऱ्यांच्या डोक्याला ताप होईल? सुरुवात कुठून करू?"

मॅडम, उपयोगी काम नक्की होईल. माझी अट एकच आहे: पहिले काही आठवडे मुलांना काही लिहायला सांगू नका. आधीच लिहिलेलं एखादं पान हातात द्या आणि त्यातली एकेक पायरी स्वतःच्या मशीनवर करून बघायला लावा. टेक्निकल रायटिंगच्या वर्गात हे विचित्र वाटेल. पण या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की मुक्त सॉफ्टवेअरला तपासणाऱ्यांची टंचाई लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि तुमच्या मुलांची ताकद नेमकी तिथेच आहे.

ज्याने सॉफ्टवेअर बनवलं तो त्याची माहिती लिहायला बसला की दोन पायऱ्या गाळतोच. हाताला वळण पडलेलं असतं, त्या पायऱ्या त्याला दिसतच नाहीत. शिवाय लिहून झालेलं पान पुन्हा उघडून कोण बघतं? मुक्त प्रकल्पांचं काम जिथे चालतं त्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ साली मुक्त प्रकल्पांत वावरणाऱ्यांची एक पाहणी केली होती. तिच्यात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही नेहमीची अडचण असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले की डॉक्युमेंटेशनकडे आम्ही क्वचितच वळतो, किंवा वळतच नाही. अडचण सगळ्यांना दिसते, हात थोड्यांचेच लागतात.

आता आयुष्यात पहिल्यांदा लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम उघडणारी तुमची खानापूरची विद्यार्थिनी जिथे अडेल, ती जागा प्रकल्पाला जुन्या जाणत्यांकडून कधीच कळणार नाही. तिचं अडणं ही या कामातली पुंजी आहे. आणि ही पुंजी फार लवकर संपते. महिनाभरात ती सरावली की तीही त्याच दोन पायऱ्या गाळायला लागेल. म्हणून पहिल्याच वेळी, अडल्या क्षणी, नोंद झाली पाहिजे.

नोंद कशी करायची ते नीट शिकवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साधी वही चालेल. वर तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि कोणतं पान तपासतोय ते. खाली पायरीचा क्रमांक, पानावर काय लिहिलंय, स्क्रीनवर काय दिसलं, आणि पुढे जायला मी काय केलं. या शेवटच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. मुलं अडली की मैत्रिणीला विचारतात, मोबाइलवर शोधतात, व्हिडिओ बघतात आणि पुढे जातात. जाऊ द्या, पण काय विचारलं आणि काय शोधलं ते लिहायला लावा. मैत्रिणीने जे एक वाक्य सांगितलं, बहुतेक वेळा तेच वाक्य पानावर नसतं. "समजलं नाही" ही नोंद कामाची नाही. "चौथ्या पायरीत डावीकडचं पॅनेल उघडा म्हटलंय, माझ्याकडे पॅनेल उजवीकडे आहे आणि बंद आहे" ही नोंद सोन्यासारखी.

प्रकल्प निवडताना मोठ्या नावांमागे जाऊ नका. मुलांच्या घरात, वडिलांच्या शॉपमध्ये, गावच्या सोसायटीत जे वापरलं जातं किंवा वापरता येईल ते घ्या. मेकॅनिकलच्या मुलांसाठी फ्रीकॅड हे ड्रॉइंग-डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये ड्रॉइंग वाचणारी माणसं यांच्या घरातच आहेत. फ्रीकॅडची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि तिच्यात असेम्ब्लीची, म्हणजे सुटे भाग एकत्र जोडायची, सोय मूळ प्रोग्रॅममध्येच आली. त्याआधीचे धडे बाहेरून वेगळी जोडणी बसवायला सांगतात. असे जुने धडे अजून जागोजागी आहेत आणि नवा माणूस त्यात हमखास अडकतो. कुठला धडा कुठल्या आवृत्तीसाठी आहे एवढं तपासून सांगणं हेसुद्धा मोठं काम आहे. दुसरं असं की आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये शिकवतात, टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं, तिथे तो वर असतो. फ्रीकॅडमध्ये दोन्ही ठरवता येतात. एखाद्या धड्यातलं चित्र कोणत्या पद्धतीचं आहे हे लिहिलेलं नसेल, तर आपल्या पोरांना ड्रॉइंग चुकलं असंच वाटतं. हा घोळ अमेरिकेत बसलेल्या लेखकाच्या लक्षात येणं कठीण. उद्यमबागेतल्या टर्नरच्या मुलाच्या तो पहिल्या नजरेत लक्षात येईल.

बाकीच्या वर्गासाठी माझी पसंती लिबरऑफिस या ऑफिसकामाच्या मुक्त सॉफ्टवेअरला. ते आपल्याकडच्या मशीनवर विंडोजमध्येही चालतं, त्याच्या मार्गदर्शक पुस्तिका त्यातल्याच रायटर या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहिल्या जातात, त्यामुळे कोडिंग न येणारा विद्यार्थीही पहिल्या दिवसापासून कामाला लागतो. आणि सीमाभागाला तिथे एक काम आहे जे दुसरं कुणी इतक्या चांगल्या तऱ्हेने करू शकणार नाही. ते जरा विस्ताराने सांगते.

आपल्याकडे एकाच कागदावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी येणं रोजचं आहे. संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस घ्या, लग्नपत्रिका घ्या, गणेशोत्सव मंडळाचं निवेदन घ्या. लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट मानतं: पाश्चात्त्य, पूर्व आशियाई, आणि तिसरा कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, थोडक्यात सीटीएल. देवनागरी आणि कन्नड दोन्ही या तिसऱ्या गटात येतात. आता घोळ बघा. एका स्टाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या रूपात, सीटीएलसाठी फॉन्ट एकच ठेवता येतो आणि भाषाही एकच. तुम्ही तिथे फक्त देवनागरीचा फॉन्ट ठेवला तर मराठी छान दिसतं, पण त्यात कन्नड अक्षरं नसल्यामुळे प्रोग्रॅम मशीनवरचा दुसरा कुठलातरी फॉन्ट उचलतो. कन्नड ओळी जाड-बारीक दिसतात, ओळींमधलं अंतर हलतं, आणि दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की आणखी काही वेगळंच. भाषा मराठी ठरवलेली असल्यामुळे कन्नड शब्दही मराठीच समजून तपासले जातात. त्यातच कुणी स्टाइलमध्ये जाऊन फक्त वरचा पाश्चात्त्य फॉन्ट बदलतो, मराठी अक्षरं जशीच्या तशी राहतात, आणि मग "लिबरऑफिसमध्ये मराठी फॉन्ट बदलत नाही" अशी आवई उठते.

उपाय अवघड नाही. मराठी मजकुरासाठी एक परिच्छेद स्टाइल, कन्नडसाठी दुसरी. पहिलीत सीटीएल फॉन्ट देवनागरीचा आणि भाषा मराठी, दुसरीत कन्नडचा फॉन्ट आणि भाषा कन्नड. ओळींचं अंतर दोन्हींत ठरावीक करून टाकायचं. एकदा हे केलं आणि फाइल टेम्प्लेट म्हणून जपली की नोटीस लिहिणाऱ्याला पुन्हा विचार करावा लागत नाही. पण पुण्याच्या माणसाला हा त्रास क्वचित होतो आणि म्हैसूरच्याही नाही. दोन भारतीय लिप्या एका पानावर रोज वापरणारा माणूस सीमेवरच भेटतो. तुमच्या वर्गाने एवढ्या एका विषयावर, नीट तपासलेलं, चार पानांचं मार्गदर्शन लिहिलं तरी सेमिस्टर सार्थकी लागलं असं मी म्हणेन. ते फक्त आपल्यापुरतं राहणार नाही. तेलुगू आणि ओडिया एकत्र लिहिणाऱ्यालाही तेच लागू पडतं.

हे लिहिताना एक गोष्ट घडेलच, ती आधीच सांगते. भाषेची सोय जुन्या आवृत्त्यांत "लँग्वेज सेटिंग्ज" या नावाखाली आहे आणि नव्यांत "लँग्वेजेस अँड लोकेल्स" खाली. कॉलेजच्या लॅबमध्ये एक आवृत्ती, मुलाच्या घरी दुसरी. मग वर्गात वाद होईल की कुणाचं बरोबर. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर आवृत्ती लिहायची. हे भांडण वर्गात झालं तर होऊ द्या, आवृत्तीचा रकाना मग कुणी रिकामा सोडत नाही.

दुसरा विषय कीबोर्डचा. लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड असतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच यादीत "मराठी, कगप, फोनेटिक" असाही एक पर्याय दिसतो. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. कर्नाटकात कन्नड टायपिंग शिकलेल्या माणसाच्या बोटांत जी कळांची रचना बसलेली असते, तिच्याच धर्तीवर हा मराठी कीबोर्ड आहे. तालुक्याच्या ऑफिसात कन्नड टाइप करून घरी मराठी लिहिणारे कितीतरी लोक आपल्याकडे आहेत. त्यांना दुसरी रचना नव्याने शिकायची गरज नाही, पण यादीतल्या त्या नावावरून हे कुणाला कळणार? दोन परिच्छेद आणि कळांचा एक तक्ता एवढंच हवं, तेही प्रत्येक कळ दाबून खात्री केलेलं.

इनस्क्रिप्टवरही एक नेहमीची अडचण आहे. "दुसऱ्या", "खोऱ्यात" लिहिताना माणूस र, मग पाय मोडायची कळ, मग य असं दाबतो आणि स्क्रीनवर "सूर्य"मधला र्य येतो. त्याला हवा असतो ऱ्य. त्यासाठी जे या कळेबरोबर शिफ्ट दाबून आधी ऱ आणायचा, मग डी दाबून हलन्त, मग य. हे हिंदीभाषक लेखकाने लिहिलेल्या पानात येणारच नाही, कारण हिंदीत त्याची गरज पडत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते पहिल्याच परिच्छेदात खटकतं. मराठी माध्यमाची मुलं म्हणून तुम्हाला धास्ती वाटते आहे, पण या कामात मराठी माध्यमच उपयोगी पडतं.

आता लिहिण्याकडे येऊ. मुलांची सगळ्यात मोठी सवय तोडायची आहे ती परीक्षेतल्या उत्तराची. दहा मार्कांच्या उत्तरात व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे असं लिहायचं असतं. मुलं डॉक्युमेंटेशनही तसंच लिहितात. "स्टाइल म्हणजे काय" यावर पानभर, आणि स्टाइल बदलायची कशी हे शेवटच्या दोन ओळींत. वाचणारा अडलेला आहे, त्याला नोटीस संध्याकाळपर्यंत छापायची आहे, त्याला व्याख्या नको. डॅनिएले प्रोचिडा यांनी डायटॅक्सिस नावाची जी मांडणी केली आहे ती इथे फार कामी येते. डॉक्युमेंटेशन चार प्रकारचं असतं: हाताला धरून शिकवणारा धडा, एखादं काम कसं करायचं ते सांगणारी कृती, संदर्भासाठीची नेमकी माहिती, आणि असं का आहे याचं स्पष्टीकरण. एका पानात एकच प्रकार ठेवायचा. मुलांना कुठलंही पान देऊन विचारा, हे चारांपैकी कोणतं? बहुतेक वाईट पानं दोन-तीन प्रकारांची खिचडी असतात आणि ती वेगळी करणं हीच त्यांची दुरुस्ती असते.

कृती लिहिताना क्रमाला जपायला शिकवा. कुठे जायचं ते आधी, काय दाबायचं ते नंतर. अट आधी, क्रिया नंतर. इशारा तर नेहमी पायरीच्या आधी. "जुनी फाइल डिलीट करा. डिलीट करण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवा" असं लिहिलेलं मी कितीदा पाहिलं आहे, आणि वाचणाऱ्याने पहिलं वाक्य वाचून डिलीट केलेलंही पाहिलं आहे. मराठीतल्या सूचना तर सरकारी पत्रासारख्या होतात. "वापरकर्त्याने फाइल जतन केली जावी याकरिता जतन करा या पर्यायाचा उपयोग करणे आवश्यक आहे." याऐवजी "फाइल सेव्ह करा. कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबा." एवढं पुरे. बटणाचं नाव स्क्रीनवर जसं दिसतं तसंच लिहायचं. बेळगावात बहुतेक लोक मेनू इंग्रजीत ठेवतात, म्हणून मराठी मार्गदर्शनातही मेनूची नावं इंग्रजीतलीच, देवनागरीत लिहून ठेवा. वाचणाऱ्याची नजर पानावरून स्क्रीनवर जाते तेव्हा तिला तोच शब्द सापडला पाहिजे.

इंग्रजीची भीती अनाठायी आहे. चांगल्या डॉक्युमेंटेशनचं इंग्रजी आखूड वाक्यांचं, आज्ञार्थी आणि साध्या शब्दांचं असतं. जगभरचे वाचक ते वाचतात, त्यांतल्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नसते. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलांना उलट अलंकार काढायला शिकवावं लागतं. व्याकरणाच्या चुका प्रकल्पातले लोक सुधारून देतात, ते त्यांना जमतं. तपासलेली पायरी मात्र त्यांना दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही.

लिहून झालं की पाठवायची घाई नको. ते अनोळखी वाचकासमोर ठेवा. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने दोन लिप्यांच्या नोटिशीची अशीच कृती लिहून, छापून, तिच्या गावच्या पतसंस्थेच्या सेक्रेटरी काकांकडे नेली. तिला सांगितलं होतं की शेजारी बस आणि एक शब्दही बोलू नकोस. काका तिसऱ्या पायरीला थांबले. "यादीतून स्टाइल निवडा" असं लिहिलं होतं आणि त्यांच्या स्क्रीनवर यादीच नव्हती. उजवीकडचं पॅनेल कुणीतरी कधीतरी बंद केलेलं. ते कागद उलटसुलट करून बघत राहिले, मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, माझं हे मशीनच जुनं झालंय वाटतं." तिने घरी येऊन त्या पायरीच्या आधी एक ओळ घातली: "स्टाइलची यादी दिसत नसेल तर एफ ११ दाबा." पुढच्या वेळी काका शेवटपर्यंत गेले. डॉक्युमेंटेशन चुकतं तेव्हा माणूस दोष स्वतःला किंवा मशीनला देतो, कागदाला देत नाही. त्यामुळे तक्रारही येत नाही आणि पान वर्षानुवर्षं तसंच राहतं. हा प्रयोग प्रत्येक गटाकडून करून घ्या. वाचक घरातला असेल तर आणखी चांगलं, फक्त मुलांनी गप्प बसायचं.

डोक्याला ताप होण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात तो रास्त आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या, मुक्त प्रकल्पांना हातभार लावायच्या उपक्रमात ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. हजारो लोकांनी वेगवेगळ्या प्रकल्पांच्या माहितीपानांत एखादा निरर्थक शब्द घालून बदल पाठवले. प्रकल्प सांभाळणारे लोक, त्यातले बरेचसे फुकट काम करणारे, ते निस्तरत बसले. आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला आणि प्रकल्पाने स्वतः होकार दिला असेल तरच बदल मोजायचा असं ठरलं. वर्गातल्या साठ मुलांनी सबमिशनच्या आदल्या रात्री साठ बदल पाठवले तर वेगळं काही होणार नाही.

म्हणून "बदल स्वीकारला गेला तर मार्क" असं कधीही ठेवू नका. स्वीकारणं प्रकल्पाच्या हातात आहे, ते कधी करायचं हेही त्यांच्याच. मार्क द्या तपासणीच्या वहीला, नेमक्या शब्दांत लिहिलेल्या तक्रारीला, आणि प्रकल्पातल्या तपासणाऱ्याने सुचवलेली दुरुस्ती विद्यार्थ्याने कशी हाताळली त्याला. सेमिस्टर सुरू होण्याआधीच डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या गटाला तुम्ही स्वतः लिहा: आम्ही इतके जण आहोत, इतके आठवडे आहोत, या विषयावर काम करायचं म्हणतो, तुम्हाला चालेल का आणि कशाची निकड आहे? उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा धरून चाला. मग सगळ्यांच्या वह्या एकत्र करून दोन-तीन मुलांचा गट त्यातल्या नोंदी चाळेल, सारख्या असतील त्या एकत्र करेल, आणि आधी कुणी कळवलेलं आहे का ते शोधून मगच पाठवेल. लिबरऑफिसच्या बगझिला या तक्रारी नोंदवायच्या यंत्रणेत डॉक्युमेंटेशनसाठी वेगळा विभाग आहे, तिथे जुन्या तक्रारी शोधता येतात. हे शोधायचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच मुलांना सगळ्यात जास्त शिकवून जातं.

गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन, शिकवावं का? हो, पण शेवटी. लिबरऑफिसच्या पुस्तिकांसाठी ते लागत नाही. त्याच्या ऑनलाइन मदतीच्या फाइली मात्र गिटमध्ये असतात आणि बदल गेरिट नावाच्या तपासणीच्या साधनावरून तपासले जातात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची पुस्तिका रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लिखाणाच्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेली आहे आणि स्फिंक्स हे साधन वापरून तयार होते, गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरची डॉकबुक या दुसऱ्या पद्धतीत. ज्या चार-पाच मुलांना गोडी लागेल त्यांनी तिकडे जावं. पुण्याला किंवा बेंगळुरूला टेक्निकल रायटरची नोकरी शोधताना ते उपयोगी पडतं, कारण केलेलं काम आणि त्यावरची चर्चा दोन्ही उघड असतात आणि मुलाखत घेणारा ती स्वतः वाचू शकतो.

एआयचा विषय टाळता येणार नाही. मुलं पानं त्याच्याकडून लिहून घेतील. जेंटू या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये अशा मदतीने बनवलेलं काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या प्रकल्पांचे नियम निराळे आहेत, ते आधी वाचायला लावा. माझा आक्षेप अगदी व्यवहारातला आहे: ही साधनं अस्तित्वात नसलेला मेनू आणि नसलेली कळसुद्धा खात्रीने सांगतात. तपासणीची वही असेल तर हे लगेच पकडलं जातं. ज्या पायरीला वहीत नोंद नाही ती पायरी वर्गातून बाहेर जाणार नाही, एवढा नियम करा. नक्कल करण्याचंही तसंच. कुठल्या पुस्तकातून किंवा कोणाच्या धड्यातून उतारा उचलायचा नाही, आणि आपण लिहिलेलं प्रकल्पाच्याच परवान्याखाली जाणार हे मुलांना पहिल्या दिवशी सांगून त्यांची संमती घ्यायची.

मुलं विचारतील, सरळ मराठीत भाषांतर करू का? त्यांना त्यात उत्साह वाटतो आणि तो मला आवडतो. पण जुनं, चुकलेलं पान मराठीत आणलं तर चूक दोन भाषांत होते. आधी मूळ पान तपासा, दुरुस्त करा, मग भाषांतर. ज्यांना मराठीतच काम करायचं आहे त्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडे पाठवा. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्र धडे तिथे मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत आहेत. मला त्यांची एक पद्धत फार पटते: धड्याची संहिता तज्ज्ञाबरोबर नवशिक्याकडूनही तपासून घेतात. तुमच्या वर्गाला ती भूमिका आयती साजेल. आणि वर्गात कन्नड माध्यमातून आलेली मुलं असतील तर मराठी-कन्नड अशा जोड्या करा. दोन लिप्यांची कृती एकाने लिहावी, दुसऱ्याने आपल्या भाषेत पायरी न पायरी करून बघावी.

वेळेचं म्हणाल तर लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. तुमचं सेमिस्टर त्याच सुमाराला सुरू होत असेल तर नवी आवृत्ती अर्ध्या वर्गाला आणि जुनी अर्ध्या वर्गाला द्या, आणि दोघांना तेच पान तपासायला सांगा. दोन वह्यांतला फरक म्हणजेच कामांची यादी. लॅबमध्ये सॉफ्टवेअर बसवायची परवानगी मिळवायला वेळ जातो, तो अर्ज आजच टाका. पहिल्या पंधरवड्याच्या वह्या जमल्या की मुलांची नावं काढून त्यातली काही पानं मला पाठवा. कोणती नोंद तक्रार म्हणून पाठवण्याइतकी पक्की आहे आणि कोणती पुन्हा करून बघावी लागेल, ते मी प्रत्येक पानावर लिहून परत पाठवीन.